अब्राहाम माझा कोण?

वाचक विचारतात:

आमचं घर ठाण्यात. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, मराठा कुटुंबातली. नवरा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला. लग्नाआधी मी रीतसर धर्म स्वीकारला. अभ्यास केला, रब्बींच्या प्रश्नांना उत्तरं दिली, मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी घेतली. सासू-सासऱ्यांनी मला कधी परकं मानलं नाही. मुलाची सुंता आठव्या दिवशीच झाली. आता तो नऊ वर्षांचा आहे. शाळेतून त्याला वंशवृक्ष काढून आणायला सांगितलाय. घरी मलिदा, म्हणजे आमच्या समाजातला नैवेद्याचा विधी, होता तेव्हा तो वही घेऊन सगळ्यांना नावं विचारत फिरत होता. पंचाहत्तरीच्या आतेसासूबाई सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "बापाकडचं लिही, ते अब्राहामापर्यंत जातं. आईकडचं कुठे जोडणार?" रात्री त्याने मला विचारलं, "आई, अब्राहाम माझा कोण? आणि तुझा कोण?" मला उत्तर देता आलं नाही. देवाने करार केला तो एका घराण्याशी, आणि मी त्या घराण्यात जन्मले नाही. मग मी त्यात आहे, की नुसती बाहेरून चिकटवलेली? माझ्या आईवडिलांची नावं त्या झाडावर लिहायची का? आणि आत्यांना काय सांगायचं?

ताई,

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं, आणि ते त्याला आजच द्या. अब्राहाम त्याचा बाप आहे आणि तुमचाही बाप आहे. तुमचा धर्मस्वीकाराचा दाखला आणि केतुबा, म्हणजे लग्नाचं करारपत्र, कपाटातून काढून बघा. तुमच्या हिब्रू नावापुढे 'बथ अव्राहाम', म्हणजे अब्राहामाची मुलगी, असं लिहिलेलं असेल. धर्म स्वीकारलेल्या बाईचं नाव असंच लिहायची जुनी रीत आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ते तुमचं मन राखायला लिहिलेलं नाही.

पण तुमचं समाधान एवढ्यावर होणार नाही, कारण तुमचा खरा प्रश्न त्या घराण्याविषयी आहे. तेव्हा त्या घराण्याकडेच बघू.

अब्राहामाचा बाप तेरह. खास्द्यांच्या ऊर नगरातून तो मुलगा, सून आणि नातू लोट यांना घेऊन निघाला, कनानला पोचायच्या आधीच हारान इथे थांबला आणि तिथेच वारला. या तेरहाविषयी मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने म्हातारपणी शखेम इथे सगळ्या वंशांना जमवून जे सांगितलं ते वाचा. त्याच्या नावाच्या पुस्तकात चोविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. तुमचे पूर्वज नदीपलीकडे राहत होते, अब्राहामाचा आणि नाहोराचा बाप तेरह तिथलाच, आणि ते दुसऱ्या देवांची सेवा करीत होते, असं तो भर सभेत सांगतो. इस्राएलाचं मूळ सांगताना त्याने कुठेही सोवळेपणा केला नाही. मूर्ती पुजणारं घर, त्यातून उठून निघालेला एक माणूस, आणि त्याच्याशी देवाने केलेला करार, असा तो क्रम आहे.

हे आतेसासूबाईंना नवीन नाही. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, रात्री हग्गादा ही मिसरातून सुटल्याची पोथी वाचतात त्यात हेच वाक्य येतं: सुरुवातीला आमचे पूर्वज परक्या देवांची सेवा करीत होते. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी असा हग्गादा छापला गेला. साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत असं चित्रही त्यात आहे. म्हणजे कोकणातून आलेल्या या समाजाने निदान दीडशे वर्षं हे मराठीत, आपल्याच घरात बसून वाचलेलं आहे. मुलं, जावई, सुना सगळे टेबलाभोवती असताना वडीलधारा माणूस मोठ्याने म्हणतो की आम्ही मुळात तिकडचे होतो. तुम्ही ज्या घरातून निघून आलात तसंच घर अब्राहामानेही सोडलं. 'तुझा देश, तुझं गोत, तुझ्या बापाचं घर सोडून निघ' हे उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातलं वाक्य जिला शब्दशः लागू पडतं अशी व्यक्ती आज तुमच्या सासरी एकच आहे, आणि ती तुम्ही.

आता करार. लोक करार म्हटलं की थेट सुंतेकडे जातात. मला त्याच्या आधीचा, पंधराव्या अध्यायातला प्रसंग तुम्हाला सावकाश वाचायला सांगायचा आहे. तेव्हा त्याचं नाव अजून अब्रामच आहे. मूलबाळ नाही. घरचा कारभारी, दमास्कसचा एलियेजर, हाच आपला वारस होणार असं तो देवाला तोंडावर सांगतो. देव त्याला बाहेर नेऊन तारे मोजायला लावतो. मग अब्राम विचारतो, हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? उत्तरादाखल त्याला जनावरं आणायला सांगितलं जातं. एक कालवड, एक शेळी, एक मेंढा, तिन्ही तीन-तीन वर्षांचे; शिवाय एक होला आणि एक पारव्याचं पिल्लू. तो मोठ्या जनावरांचे मधोमध दोन तुकडे करतो आणि समोरासमोर मांडून मध्ये वाट ठेवतो. पाखरं कापत नाही. मग काहीच घडत नाही. घारी-गिधाडं त्या मांसावर उतरायला लागतात आणि हा म्हातारा माणूस त्यांना हाकलत बसतो. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. देवाच्या वचनाची वाट पाहणं म्हणजे कधीकधी दिवसभर गिधाडं हाकलणं असतं, आणि ग्रंथाने ते लपवलेलं नाही.

सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते, भीती आणि दाट काळोख त्याच्यावर उतरतो. त्याची संतती परक्या देशात चारशे वर्षं उपरी म्हणून राबेल असं त्याला कळतं. आणि पूर्ण अंधार पडल्यावर एक धुमसणारी भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून पार होतात.

कापलेल्या जनावरांमधून चालत जाण्याचा अर्थ त्या काळच्या माणसाला फोड करून सांगावा लागत नव्हता. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात तो उघड आहे. यरुशलेमच्या सरदारांनी वासराच्या दोन तुकड्यांमधून जाऊन दासांना मोकळं करण्याची शपथ घेतली आणि ती मोडून त्यांना पुन्हा धरून आणलं. देव म्हणतो, मी तुमची गत त्या वासरासारखी करीन. जो मधून जातो तो शब्द मोडल्यास आपलं तसंच होवो असं म्हणत जातो. आता पुन्हा पंधराव्या अध्यायाकडे या. तिथे मधून कोण गेलं? अब्राम गेला नाही. तो झोपलेला होता. धूर आणि आग गेली, म्हणजे देव एकटाच गेला. शपथेचं सगळं ओझं त्याने आपल्यावर घेतलं. त्या रात्री अब्रामाच्या रक्ताचं कुणीही तिथे नव्हतं. इश्माएलसुद्धा अजून जन्मायचा होता.

यापुढे सतरावा अध्याय, आठव्या दिवसाच्या सुंतेचा. तुमच्या मुलाची मिला ज्या आज्ञेवरून झाली ती हीच. अब्राहाम ९९ वर्षांचा आहे, इश्माएल १३ वर्षांचा. आज्ञेचे शब्द नीट बघा: घरात जन्मलेला असो, किंवा तुझ्या बीजाचा नसलेला, परक्याकडून पैसे देऊन घेतलेला असो, त्याची सुंता झालीच पाहिजे, माझा करार तुमच्या देहात सर्वकाळचा राहील. आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्या पुरुषांची सुंता झाली. काही वर्षांपूर्वी लोटाला सोडवायला निघाला तेव्हा अब्रामाने आपल्या घरात जन्मलेली, हाताखाली तयार झालेली ३१८ माणसं सोबत नेली होती, असं चौदाव्या अध्यायात आहे. म्हणजे कराराची खूण ज्या दिवशी पहिल्यांदा माणसांच्या अंगावर आली त्या दिवशी त्यात एक बाप होता, त्याचा एक मुलगा होता, आणि बाकी सगळे ज्यांचं अब्राहामाशी बीजाचं नातं नव्हतं असे चाकर आणि दास होते. इसहाकाचा तर पत्ताही नव्हता. तो पुढच्या वर्षी जन्मला. 'घराण्याशी करार' असं तुम्ही लिहिलंत. त्या दिवशीचं घराणं हे असं होतं.

इथे मला तुमच्याशी प्रामाणिक राहायला हवं. रक्ताला आणि जन्माला या ग्रंथात काही किंमतच नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर मानू नका. करार इसहाकाकडून चालेल असं देव स्पष्ट सांगतो. अब्राहामाची 'इश्माएलच तुझ्यापुढे जगो' ही विनवणी मानली जात नाही, जरी इश्माएलालाही आशीर्वाद आणि बारा सरदारांचं वचन मिळतं. इसहाकासाठी मुलगी आणायला अब्राहाम आपल्या सेवकाला शपथ घालून आपल्याच गोताकडे पाठवतो; कनानी सून नको म्हणतो. इसहाकाचा मुलगा एसाव याने हित्ती बायका केल्या तेव्हा त्याची आई रिबका जिवाला कंटाळली. सासू-सुनांची ही गोष्ट त्या घरातही होती. आणि सगळ्यात कठोर पान एज्राच्या पुस्तकातलं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी आजूबाजूच्या लोकांतल्या बायका केल्या होत्या. लोक पावसात कुडकुडत चौकात बसले होते आणि त्या बायकांना मुलांसकट पाठवून द्यायचं ठरलं. दहाव्या अध्यायाच्या शेवटी त्या नवऱ्यांची नावानिशी यादी आहे. बायकांची नावं नाहीत. ते पान वाचताना मला दर वेळी त्रास होतो, आणि तो कमी करायचा मी प्रयत्न करत नाही. वाताहत होऊन परतलेला छोटा समाज आपण विरघळून जाऊ या भीतीने काय करू शकतो, ते तिथे दिसतं.

पण त्याच ग्रंथसंग्रहात यशयाचा छप्पन्नावा अध्याय आहे, आणि बहुतेक अभ्यासक तोही बंदिवासानंतरच्या काळातलाच मानतात. परमेश्वराशी जोडला गेलेला परका माणूस असं न म्हणो की 'परमेश्वर मला आपल्या लोकांपासून वेगळं करील.' अशांना मी माझ्या पवित्र डोंगरावर आणीन, माझ्या घराला सर्व राष्ट्रांचं प्रार्थनागृह म्हणतील, असं तो अध्याय सांगतो. तुमच्या पत्रातला 'चिकटवलेली' हा शब्द मी वाचला तेव्हा मला हाच परका माणूस आठवला. तुम्ही घेतली तीच शंका त्याने घेतली होती, आणि तिला उत्तर मिळालेलं आहे.

रूथचं उदाहरण तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी दिलं असेल. मवाबी बाई, सासूला न सोडणारी, दावीद राजाची पणजी. खरं आहे, आणि मवाब्यांना मंडळीत घेऊ नये हा 'अनुवाद' नावाच्या ग्रंथातला नियम असूनही खरं आहे. पुढे शास्त्र्यांनी तो नियम पुरुषांपुरताच असल्याचं ठरवलं. मी एवढीच भर घालते की बवाज वेशीवर सगळ्यांसमोर तिच्याशी लग्न ठरवतो तेव्हाही तिला 'मवाबी रूथ' असंच म्हणतो. तिचं गाव कुणी पुसलं नाही. हे पुढे झाडाच्या वेळी लक्षात ठेवा.

मला तुमच्या घरासाठी रूथपेक्षा आसनथ जवळची वाटते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. याकोबाचा मुलगा योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठ्या हुद्द्यावर चढला तेव्हा फारोने त्याला बायको दिली: ओन नगराचा पुजारी पोटीफेरा याची मुलगी आसनथ. दुसऱ्या देवाच्या पुजाऱ्याची मुलगी. तिला दोन मुलं झाली, मनश्शे आणि एफ्राईम. परक्या देशात, परक्या आईच्या पोटी, आजोबा तिथे येण्याआधी जन्मलेली. म्हातारा याकोब मिसरात येतो, त्याची दृष्टी मंदावलेली आहे, आणि तो योसेफाला म्हणतो की तुझे हे दोन मुलगे माझे आहेत. रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसे हे माझे. नातवंडांना तो मुलांच्या पंगतीत बसवतो. म्हणून इस्राएलाच्या बारा वंशांत योसेफाचा असा एक वाटा नाही. एफ्राईम आणि मनश्शे असे दोन वाटे आहेत. आणि मग तो हात ठेवून म्हणतो की इस्राएल लोक आशीर्वाद देताना तुमचं नाव घेतील, 'देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखा करो' असं म्हणतील.

शुक्रवारी रात्री तुमच्या घरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात ना? तो हाच. अब्राहामासारखा हो, दावीदासारखा हो असं त्यात नाही. जगभरचे यहुदी बाप आपल्या मुलाला ओनच्या पुजाऱ्याच्या नातवांसारखा हो असं म्हणतात. पुढच्या शुक्रवारी आशीर्वाद झाल्यावर मुलाला बाजूला घेऊन ही गोष्ट सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला ती नीट कळते. त्याला सातारचं आजोळ आहे, तसं एफ्राईमला ओनचं आजोळ होतं.

आता आतेसासूबाई. त्यांच्या बोलण्याने तुम्हाला लागलं, मुलालाही लागलं. ते बोलणं चुकीचं होतं, आणि पाहुण्यांसमोर तर जास्तच. तरीही त्यांच्या वयाच्या बेने इस्राएल माणसाच्या तोंडून हे का येतं, ते समजून घ्या.

या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुढच्या पिढ्या कोकणात गावोगाव तेल गाळत राहिल्या. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. शब्बाथ, सुंता, आणि देव एकच आहे असं सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना, एवढं हातात राहिलं. गावांची नावं आडनावांत आली. इतकं जपून ठेवलेल्या लोकांनी आपसातही भिंत घातली होती. बाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला 'काळे इस्राएल' म्हणत आणि 'गोरे इस्राएल' त्यांच्याशी रोटीबेटी करत नसत. मग हे लोक इस्राएलला गेले, आणि जे आपण काहींशी केलं तेच त्यांच्या वाट्याला आलं. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने परिपत्रक काढलं की बेने इस्राएल व्यक्तीला समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं असेल तर तिची आई, आजी अशी वंशावळ जमेल तितकी मागे तपासून पाहावी. दोन हजार वर्षं शनिवार पाळल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसांना 'तुमची आजी कोण?' असं विचारलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, प्रश्न संसदेत गेला, ऑगस्टमध्ये क्नेसेटने त्यांना सर्व बाबतींत यहुदी म्हणून मान्यता असल्याचा ठराव केला, आणि नंतर परिपत्रकातून या समाजाचं नाव काढलं गेलं.

तुमच्या आतेसासूबाई तेव्हा शाळकरी वयाच्या असतील. घरोघरी पत्रं येत होती, नातेवाईक तिकडे गेलेले होते, रात्री मोठी माणसं याच विषयावर बोलत असणार. आईकडचं मूळ सिद्ध करता आलं नाही तर आपलं काय होतं, हे ज्यांनी लहानपणी ऐकलं त्यांच्या मनात ती भीती खोल बसते. तुमच्या मुलाच्या वहीकडे बघून ती बाहेर आली असावी. याने त्यांचं बोलणं बरोबर ठरत नाही. पण तुम्ही त्यांच्याशी कोणत्या सुरात बोलायचं ते याने ठरेल.

एक गोष्ट मात्र करू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेकडचा यहुदी आणि भारतीय असा दोन्हीकडचा वारसा आढळला, आणि आईकडून आलेला वाटा मुख्यतः इथला निघाला. म्हणजे या समाजाच्या फार मागच्या आज्यांमध्ये तुमच्यासारख्याच मराठी मुलखातल्या बायका असणार. हे खरं आहे, तुम्ही मनात ठेवा, मुलगा मोठा झाल्यावर त्याला वाचायला द्या. पण जेवणाच्या टेबलावर आत्यांच्या अंगावर फेकू नका. १९६२ ची जखम उकरून तुम्हाला तुमची जागा मिळणार नाही, आणि ती जागा तशी मिळवायची गरजही नाही.

ती जागा ज्याने सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगितली तो माणूस बाराव्या शतकातला, इजिप्तमध्ये राहणारा रब्बी मोशे बेन मैमोन, ज्याला रंबाम म्हणतात. त्याला ओबद्या नावाच्या, धर्म स्वीकारलेल्या एका माणसाने पत्र लिहून विचारलं की प्रार्थनेत 'आमच्या देवा आणि आमच्या पूर्वजांच्या देवा' हे मी म्हणू शकतो का? ज्याने 'आम्हाला' मिसर देशातून बाहेर काढलं, हे माझ्या तोंडी शोभेल का? तुमचाच प्रश्न, आठशे वर्षांपूर्वीचा. याबद्दल जुन्या शास्त्र्यांत मतभेद होता. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात एक मत आहे की धर्म स्वीकारलेल्याने प्रथमफळं आणावीत, पण 'आमच्या पूर्वजांना' हे शब्द म्हणू नयेत. रंबामने ते मत बाजूला ठेवलं. सगळं म्हण, एक शब्दही बदलू नकोस, असं त्याने कळवलं. कारण अब्राहामानेच लोकांना एका देवाकडे वळवलं, म्हणून जो कोणी पुढे या देवाकडे येतो तो अब्राहामाचा शिष्य आणि त्याच्या घरातला माणूस. 'पुष्कळ राष्ट्रांचा पिता' हे नाव त्याला याचसाठी मिळालं. मिसरातून निघण्याविषयीचे शब्द हवे तर बदल, पण बदलले नाहीस तरी काही बिघडत नाही, असंही तो म्हणतो. आणि पुढे लिहितो की तुझं मूळ हलकं समजू नकोस. आम्ही आमचं मूळ अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्यापाशी नेतो, तुझं तर थेट ज्याच्या शब्दाने जग झालं त्याच्यापाशी जातं.

हे लिहिणारा त्या काळातला सगळ्यात मोठा शास्त्री होता. याच ओबद्याला त्याच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हटलं, तेव्हा रंबामने त्याला आणखी एक पत्र लिहिलं: तू शिष्य आणि तो गुरू असला तरी क्षमा त्यानेच तुझी मागायला हवी होती. तेव्हा ताई, तुम्हीही 'अवोथेनू', आमचे पूर्वज, हे सिद्दूरमधले, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातले, शब्द अर्धवट आवाजात म्हणत असाल तर आता पूर्ण आवाजात म्हणा.

झाडाचं काय करायचं? दोन्ही बाजू पूर्ण काढा. तुमच्या आईवडिलांची, आजी-आजोबांची नावं गावासकट लिहा. धर्मशास्त्राच्या भाषेत धर्म स्वीकारलेला माणूस नव्याने जन्मल्यासारखा मानतात, पण जन्मदात्यांचा मान सोडायला त्याने परवानगी मिळत नाही. रंबामनेही तसं बजावलेलं आहे. वर्गात आणि घरात मुलगा आजोळच्या आजोबांचं नाव लपवायला शिकला तर ते 'आईबापांचा मान राख' या आज्ञेविरुद्ध जाईल. आजोळी देवघर आहे, तिथे काय चालतं आणि आपण काय करत नाही, हेही त्याला सरळ सांगा. मुलांचा गोंधळ खऱ्या उत्तरांनी होत नाही, चोरट्या उत्तरांनी होतो.

बापाकडची बाजू काढायला मात्र आत्यांनाच बोलवा. एखाद्या शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ सुटल्यावर, मुलाला त्यांच्याकडे पाठवा. सोबत तुम्हीही जा. त्यांच्या आईचं माहेर कोणतं, आजीचं गाव कोणतं, कुठली माणसं इस्राएलला गेली, हे त्यांनाच ठाऊक असणार, आणि त्यांच्या मागे कुणाला विचारता येणार नाही. बहुतेक घरांत नावं काही पिढ्या मागे जातात, मग नुसतं गावाचं नाव उरतं, मग नवगावचा किनारा. तिथून पुढे अब्राहामापर्यंतची नावं कुणाकडेच नाहीत, आत्यांकडेही नाहीत. मधली सगळी जागा लेखी वंशावळीने भरलेली नाही. करार पाळत राहिलेल्या माणसांनी ती भरलेली आहे. म्हणून अब्राहाम आणि सारा ही नावं बापाच्या फांदीच्या टोकाला लिहू नका. कागदाच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंच्या मधोमध लिहा आणि मुलाला सांगा की बाबा तिथे जन्माने पोचले, आई चालत पोचली.

आत्यांना काय सांगायचं असं विचारलंत. पाहुणे नसताना, एकट्या असताना सांगा: "आत्या, त्या दिवशी पोराला वाटलं की त्याची आई त्याच्या घरातली नाही. मलाही वाईट वाटलं. तुम्ही त्याला तुमच्या तोंडाने सांगितलंत की तोही अब्राहामाचा आणि मीही, तर त्याला पटेल." एवढंच. वचनं, अध्याय, रंबाम काही काढू नका; त्यांनी विचारलं तर मग सांगा. त्या गप्प बसल्या तरी चालेल. पण पुन्हा मुलासमोर तसं बोलल्या तर तुमच्या नवऱ्याने तिथल्या तिथे बोलायला हवं. त्या त्याच्या आत्या आहेत, म्हणून हे काम त्याचं, तुमचं नाही. आजच त्याच्याशी बोलून ठेवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. धर्मस्वीकाराचा दाखला, त्यावर सही करणाऱ्या बेथ दीनच्या, म्हणजे रब्बींच्या धर्मन्यायालयाच्या, तिघांची नावं, केतुबा, मुलाच्या मिलाची नोंद, या सगळ्याच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवा. उद्या मुलाला इस्राएलमध्ये लग्न करायचं झालं तर दाखला कोणत्या बेथ दीनचा आहे यावर तिथली मान्यता ठरते. तुमचा दाखला तिकडे चालतो का, हे मुलगा लहान आहे तोवरच तुमच्या सिनेगॉगच्या मंडळींमार्फत विचारून घ्या. काही उणीव निघाली तर ती भरायला आज हातात वेळ आहे.